शास्त्रीय ग्रंथांचे भाषांतर आणि नऊ हातांचा खांब

संगणकाचा तास चालला असता इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, ही सगळी विद्या मुळात इंग्रजीतच जन्मली ना? मग तिचे मराठी करीत बसण्याचा खटाटोप कशाला?" प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. मुलाचे मन खरोखरच तेथे अडले होते. याच प्रश्नाचे दुसरे रूप पालकांच्या सभेत दरवर्षी आमच्यापुढे येते, ते असे की, मुलास सेमी-इंग्रजीत घालावे की नाही? त्या दिवशी घंटा झाली आणि उत्तर अर्धेच राहिले. ते येथे पुरे करीत आहो.

प्रथम संगणकाचीच गोष्ट घेऊ. आज्ञावली लिहिण्याच्या ज्या अनेक भाषा आहेत, त्यांत रूबी नावाची एक आहे. युकिहिरो मात्सुमोतो या जपानी गृहस्थांनी ती १९९३ साली रचावयास घेतली आणि १९९५ साली लोकांपुढे ठेविली. आरंभीची काही वर्षे तिच्यासंबंधीचे बहुतेक लेखन जपानीत होते, व इतर देशांतील जिज्ञासूंस ते वाचता येत नसे. इंग्रजीत तिच्यावर पहिला ग्रंथ निघाला तो २००० साली. आणि खुद्द मात्सुमोतो यांच्या एका लहानशा संदर्भग्रंथाचे जपानीवरून केलेले इंग्रजी रूप २००१ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे इंग्रजी जाणणाऱ्या मोठमोठ्या पंडितांसही या विषयात भाषांतरकाराच्या दारी उभे राहावे लागले. गंमत अशी की, जपानी मनुष्याने रचलेल्या या भाषेतील मूळ आज्ञा मात्र 'इफ', 'व्हाइल', 'एंड' अशा इंग्रजी शब्दांच्याच आहेत. ग्रंथकर्त्याने अर्धे भाषांतर स्वतःच आधी करून ठेविले होते असे म्हणावे लागेल.

अशा ग्रंथाचे भाषांतर सोपे असावे असे प्रथमदर्शनी वाटते. आज्ञावली जशीच्या तशी उतरून घ्यावयाची, भोवतालचे विवेचन तेवढे पालटावयाचे, की झाले! परंतु एक प्रसंग कल्पून पाहा. जपानी पुस्तकात उदाहरणादाखल अशी आज्ञावली दिली आहे की, मनुष्याचे पूर्ण नाव घ्यावे, त्यातील पहिला शब्द तोडावा व त्यास 'आडनाव' म्हणून छापावे. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते, तेव्हा आज्ञावली बरोबर आहे. भाषांतरकाराने इंग्रज वाचकाच्या सोयीसाठी तेथे इंग्रजी नाव घातले आणि आज्ञावलीस हात लाविला नाही. यंत्र कुरकुर करणार नाही. ते निमूटपणे पहिला शब्द तोडील आणि त्या गृहस्थाचे पाळण्यातले नाव 'आडनाव' म्हणून छापील. भाषांतरात एकही शब्द चुकलेला नाही, यंत्रही चालले, आणि तरी वाचकास शिकविले ते खोटे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे एका मोराच्या गोष्टीत हीच चूक पुन्हा भेटणार आहे.

आता जपान सोडून आपल्या घरी येऊ. आशियातील एका भाषेतला शास्त्रीय ग्रंथ इंग्रजीत नेण्याचा उद्योग आजकालचा नव्हे. त्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरचे आहे, आणि त्यातील एक धागा आपल्या नागपूर शहरातून गेलेला आहे.

भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयास असलेले विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेविले आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. अंकगणित व क्षेत्रगणित यांवरील 'लीलावती' हा त्याचाच भाग समजतात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटण येथे देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथे मठ स्थापिला, त्याची इ.स. १२०७ ची नोंद त्या शिळेवर आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणिला. शिळेवरील मुख्य मजकूर संस्कृतात आहे, परंतु मठास कोणी काय द्यावे याचा तपशील त्या वेळच्या मराठीत आहे. एकाच दगडावर शास्त्र संस्कृतात आणि व्यवहार मराठीत! आमच्या शाळेच्या सूचनाफलकाची आठवण होते.

या ग्रंथांची भाषांतरे पूर्वीपासून होत आली. अकबराच्या आज्ञेने फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी केले. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजले, लग्नाचा मुहूर्त टळला आणि तिच्या समाधानार्थ पित्याने ग्रंथ लिहिला, ही जी कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे, ती मूळ संस्कृत ग्रंथात कोठेही नाही. ती येते फैजीच्या प्रस्तावनेतून. भाषांतरकार प्रस्तावनेत काय लिहितो याविषयी सावध का असावे, हे यावरून दिसेल. साडेचारशे वर्षांत तिच्यापुढे मूळ ग्रंथातील गणित बहुतेकांस आठवेनासे झाले. बीजगणिताचे फारसी १६३४ च्या सुमारास अताउल्ला रशिदी याने केले. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, बिबी का मकबरा ज्याच्या आराखड्याने उभा राहिला तो हाच. या फारसीवरून एडवर्ड स्ट्रॅची यांनी १८१३ साली इंग्रजी केले. भाषांतराचे भाषांतर म्हणजे उसन्या पिठाची भाकरी. पोट भरते, पण जात्याची ओळख होत नाही.

थेट संस्कृतावरून लीलावती इंग्रजीत आली ती एकामागून एक दोन वेळा. मुंबईतील कंपनी सरकारचे एक डॉक्टर, जॉन टेलर, यांचे भाषांतर १८१६ साली मुंबईसच छापले गेले. आणि पुढल्याच वर्षी हेन्री टॉमस कोलब्रुक यांचा थोर ग्रंथ लंडनास निघाला. त्यात लीलावती, बीजगणित आणि ब्रह्मगुप्ताचे गणिताचे अध्याय एकत्र आहेत. हे कोलब्रुक साहेब १७९९ ते १८०१ या काळात आपल्या नागपुरात होते. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या दरबारी कंपनीने त्यांस वकील म्हणून पाठविले होते. राजकारणात त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. दरबाराचे ते मनसुबे आज कोणाच्या खिजगणतीत नाहीत, पण त्या वकिलाचा गणितग्रंथ दोनशे वर्षांनंतरही अभ्यासक उघडतात.

कोलब्रुकांपुढील अडचणी कोणत्या होत्या? पहिली ही की, ग्रंथ सगळा पद्यात. नियम एका श्लोकात, उदाहरण दुसऱ्यात. पाठ करावयास सोयीचे, पण समजावयास तितकेच कठीण. श्लोक म्हणजे गुरूच्या तोंडी विवेचनाची केवळ खुंटी होय. गुरू समोर नसता ती खुंटी पकडून कोठे जावे? येथे टीकाकार उपयोगी पडले. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ, ज्यांनी १५४५ साली 'बुद्धिविलासिनी' लिहिली. पार्थपूरचे, म्हणजे आजच्या पाथरीचे, सूर्यदास. आणि ज्यांचे घराणे विदर्भातील पयोष्णीतीरीच्या दधिग्रामाहून काशीस गेले ते कृष्ण दैवज्ञ. कोलब्रुकांच्या पानोपानी तळटिपांत ही नावे येतात. इंग्रजी ग्रंथ खरा, पण त्याच्या पायात आपल्या मुलखातील जोश्यांचे दगड आहेत. अर्थ लावावयाचा तर मूळ श्लोक एकदा, टीका दुसऱ्यांदा, आणि मग पाटीवर स्वतः गणित सोडवून तिसऱ्यांदा, असे केल्यावाचून त्यांचे एकही वाक्य पुरे झाले नसावे असे आम्हांस वाटते.

दुसरी अडचण परिभाषेची. 'कुट्टक' हा शब्द घ्या. पाचाने गुणून तीन मिळविले असता सातांनी निःशेष भाग जाईल अशी लहानात लहान संख्या कोणती? उत्तर पाच; कारण पाच पाचे पंचवीस आणि तीन अठ्ठावीस. असे प्रश्न सोडविण्याची जी रीत, तिचे नाव कुट्टक. मोठ्या संख्यांस परस्परांनी भागीत भागीत, उखळात धान्य कुटावे तसे बारीक करीत जावयाचे, म्हणून कुट्टक. मराठी मुलास 'कुटणे' ऐकताच मुसळ दिसते. कोलब्रुकांनी याचे इंग्रजी 'पल्व्हरायझर' असे केले, म्हणजे चूर्ण करणारा. शब्द अक्षरशः बरोबर आहे. परंतु वाचकास औषधाच्या कारखान्यात शिरल्यासारखे वाटावे असा आहे. तरी आम्ही त्यांस दोष देत नाही. त्यांनी शब्द दिला, आणि त्यामागील कृतीही टिपेत उलगडून दाखविली. टीप नसती तर मात्र दोष दिला असता.

शब्द कानाने घेतला आणि अर्थाने घेतला नाही म्हणजे काय होते, याचे उदाहरण तुम्ही सर्वजण दर आठवड्यास वहीत लिहिता. वर्तुळातील जीवा तुम्हांस ठाऊक आहे. 'ज्या' किंवा 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य आणि दोन टोके जोडणारी रेषा ही दोरी, इतके ते सरळ आहे. आपल्या ज्योतिषांनी अर्ध्या दोरीचा, म्हणजे अर्धज्येचा, उपयोग केला व तिलाही बोलण्यात ज्याच म्हटले. अरबांनी हा शब्द 'जीब' असा उच्चाराने उचलला. त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसल्याने पुढे तो 'जैब' असा वाचला गेला, आणि त्या शब्दाचा अर्थ अंगरख्याची घडी किंवा खोळ असा होतो. बाराव्या शतकातील लॅटिन भाषांतरकारांनी प्रामाणिकपणे त्या घडीचे 'सायनस' केले. त्याचाच आजचा 'साइन'. धनुष्याची दोरी निघाली आणि अंगरख्याची घडी होऊन आपल्या घरी परत आली! त्रिकोणमितीच्या पहिल्या पानावर घाबरणाऱ्या मुलास ही वंशावळ कोणी सांगत नाही. त्रिज्या हा शब्दही याच कुळातला आहे. बारा राशींचे वर्तुळ, त्यातील तीन राशी म्हणजे ९० अंश. त्यांची ज्या ती त्रिज्या, आणि ती वर्तुळाच्या अर्ध्या व्यासाएवढीच भरते.

येथे थोडे स्वतःविषयी लिहितो, वाचकांनी क्षमा करावी. आमचे शालेय शिक्षण वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात मराठीतून झाले. नागपुरास महाविद्यालयात आलो तेव्हा प्राध्यापक फळ्यावर लिहीत ते कळे, बोलत ते कळत नसे. त्रिज्या येत होती, रेडियस येत नव्हती. पहिल्या चाचणीत गणितात शंभरांपैकी अकरा गुण पडले आणि आपण मंदबुद्धीच आहोत अशी आमची खात्री झाली. दिवाळीच्या सुट्टीत शिक्षण सोडण्याच्या निश्चयानेच घरी गेलो. आमचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे इंग्रजी मला रोग्याच्या पोटात घालायचे नसते, औषध घालायचे असते. पण त्यासाठी ते इंग्रजी आधी मला नीट कळावे लागते. तू वही कर." आम्ही वही केली. पानाच्या मध्ये रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, आणि खाली त्या शब्दाचा एक सोडविलेला प्रश्न. शब्दाशेजारी नुसता शब्द लिहून काही होत नाही, हे दहाव्या पानाच्या सुमारास ध्यानी आले; खालचे उदाहरण सुटले तरच वरची जोडी आपली होते. त्याच वर्षी ग्रंथालयात कोलब्रुकांचे पुस्तक हाती पडले. आमच्याच शहरात राहून गेलेला एक इंग्रज मनुष्य, आमच्या उलट दिशेने, हीच वही भरीत बसला होता, असे तेव्हा वाटले. त्या दिवसापासून अकरा गुणांची लाज पुष्कळ कमी झाली.

म्हणून पालकांस आमचे सांगणे एवढेच की, सेमी-इंग्रजी की मराठी या वादापेक्षा मुलाच्या वहीत मधली रेघ आहे की नाही ते पाहावे. अकरावीत जाऊन जी मुले गळतात, त्यांतील सगळी गणितात कच्ची असतात असे मानू नये.

परिभाषेच्या दुसऱ्या टोकाचा प्रयोगही नागपुरातच झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर यांनी येथे राहून शास्त्रीय शब्दांचे प्रचंड कोश रचिले. ऑक्सिजनला 'जारक', हायड्रोजनला 'उदजन', नायट्रोजनला 'भूयाति' असे संस्कृत धातूंपासून घडविलेले हजारो शब्द त्यांत आहेत. विद्वत्ता आणि परिश्रम यांत उणे काढावयास जागा नाही. पण आज कोणता विद्यार्थी भूयाति म्हणतो? प्राणवायू मात्र टिकला, कारण त्यात प्राण आहे. कोशातला शब्द आणि जिभेवरचा शब्द यांमध्ये जी वाट आहे, ती एकट्या कोशकाराने चालून होत नाही, शिक्षकांनी आणि मुलांनी चालावी लागते.

आता वर्गाची गोष्ट. वर उल्लेखिलेल्या प्रश्नानंतरच्या आठवड्यात आम्ही नववीस लीलावतीतील एक उदाहरण आमच्या मराठीत सांगितले व त्याचे इंग्रजी करून आणण्यास सांगितले. उदाहरण असे: नऊ हात उंचीचा खांब आहे. त्याच्या बुडाशी सापाचे बीळ, माथ्यावर मोर. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून साप बिळाकडे येताना मोराने पाहिला आणि तो तिरका झेपावला. दोघांनी सारखेच अंतर तोडले, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली?

आधी सोडवा, मग भाषांतर करा, अशी अट होती. साप सत्तावीस हातांवरून निघाला. गाठ बारा हातांवर पडली असे धरा. तर साप पंधरा हात चालला. मोराची तिरकी वाट म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण: नवाचा वर्ग एक्याऐंशी, बाराचा एकशे चव्वेचाळीस, बेरीज दोनशे पंचवीस, तिचे वर्गमूळ पंधरा. जमले. ज्याने आरंभीचा प्रश्न विचारला होता त्या मुलाने तर रूबीत चार ओळींची आज्ञावली लिहून एकापासून सव्वीसपर्यंतची सर्व अंतरे तपासली, आणि यंत्रानेही बाराच सांगितले. तो फार खूष होता.

भाषांतरांपैकी बहुतेकांत 'नाइन हँड्स' असे होते. हाताला हँड, यात चुकले काय? आम्ही विचारले, "इंग्रज हँड कशासाठी मोजतो?" कोणास ठाऊक नव्हते. इंग्रजीत हँड हे घोड्याची उंची मोजण्याचे माप आहे आणि ते चार इंचांचे असते. आपला हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, चोवीस अंगुळांचा, सुमारे दीड फूट. फळ्यावर गुणाकार केला. आपला खांब साडेतेरा फूट. इंग्रजीत गेलेला खांब तीन फूट! त्यावर मोर बसविला तर त्याचा पिसारा जमिनीवर लोळावयाचा. वर्ग हसला. परंतु आज्ञावली लिहिणारा तो मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "सर, पण उत्तर तरी बाराच येते." येतेच. दोन्हीकडे बारा. गणित भाषांतरकाराची पारख करते खरे, पण तेवढ्याने तो सुटत नाही, हे त्याला त्या क्षणी दिसले असावे. कारण त्याने स्वतःहून 'हँड' खोडले. कोलब्रुकांनी तेथे 'क्यूबिट' घातला आहे, जो कोपरापासूनच मोजतात, हे आम्ही त्यानंतर सांगितले.

पुढचे उदाहरण भुंग्यांचे दिले आहे. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतील अंतराच्या तिप्पट कुटजावर. आणि एक भुंगा केतकी व मालती यांच्या सुगंधात सापडून मध्येच घिरट्या घालीत राहिला. तर थवा केवढा? पंधरांचा, हे सर्वांनी पटकन काढले. कुटज म्हणजे आपल्या रानातला कुडा, हे आमगावकडून येणाऱ्या एका मुलीने सांगितले. तिच्या आजीने त्याची साल औषधास ठेविलेली आहे. शिलींध्रापाशी मात्र वर्ग थांबला. कोश उघडला, तर त्यात केळीही निघाली आणि भूछत्रही. भुंगा भूछत्रावर कशाला जाईल, असे एका पक्षाचे म्हणणे. केळफूल असेल तर कवीने केळीचे नाव सरळ का घेतले नाही, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्षांस आम्ही टीका पाहावयास सांगितली आहे. तोवर फळ्यावरच्या इंग्रजी वाक्यात ती एक जागा मुलांनी कोरी सोडिली आहे, आणि स्वच्छतेच्या दिवशीही तेवढा फळा कोणी पुसत नाही.